गावातला जुना वाडा टिकवायचा तर: आधी पाणी, मग वजन, रंग शेवटी

मराठवाड्यातला वाडा वरून खाली पडत येतो. आधी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, गळतं. मग तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं, तुळई खचली की तिच्यावरचा खण (खांबांमधला एक गाळा) बसतो, आणि उघडी पडलेली भिंत दोन-तीन पावसाळ्यांत पोट काढते. मालक पुण्यात किंवा संभाजीनगरात असतो. त्याला गावाहून फोन येतो तो शेवटच्या टप्प्यावर, आणि तोवर जुने दरवाजे-खांब विकत घेत फिरणारा माणूस गावात येऊन भाव सांगून गेलेला असतो.

हा लेख एकोणिसाव्या शतकातल्या अशा घरांसाठी आहे: दगडी जोतं, सागाचे खांब, मधे चौक, भोवती ओसरी-सोपा, आत माजघर, धान्य साठवायचं बळद, आणि वर मातीचं माळवद. देशमुख, पाटील, कुलकर्णी, सावकार यांची अशी घरं धाराशिवपासून नांदेडपर्यंत गावोगाव आहेत. उंच बुरुजांच्या गढ्यांचं काम वेगळं. ते घरच्या घरी अंगावर घेऊ नये.

कामाचा क्रम पाळा: कागद, नोंद, पाणी, वजन, भिंत, लाकूड. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. गावची जत्रा किंवा घरचं लग्न आलं की दर्शनी दरवाज्याला ऑइलपेंट लागतो, चौकात चकचकीत फरशी बसते, आणि वर माळवदावर गवत तसंच डोलत राहतं.

आधी वाटेकरी, मग गवंडी

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, पण सुरुवात तिथूनच होते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं तयार होत आहेत. तुमच्या गावाचं झालं असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात ते मिळेल. त्यावर नाव पणजोबांचं किंवा एकट्या थोरल्या काकांचं असेल तर वारस नोंदीचं काम आत्ताच उरकून घ्या. सगळे भाऊबंद हयात आणि बोलण्याच्या परिस्थितीत असताना ते जितकं सोपं असतं तितकं पुढे राहत नाही.

आपल्याकडे घर खणांनी मोजतात आणि वाटणीतही खणच वाटले जातात. एकाला पुढचे चार खण, दुसऱ्याला माजघर, तिसऱ्याला चौकाची अर्धी बाजू. मग एक जण आपल्या वाट्याचं माळवद उतरवून स्लॅब टाकतो. त्या स्लॅबचं पाणी शेजारच्या खणावर पडतं आणि पाच-सात वर्षांत दोघांचंही नुकसान होतं. सांगाडा सगळ्यांचा एकच आहे, तुळया एकमेकींत अडकलेल्या आहेत, हे वाटेकऱ्यांना समजावणं हे दुरुस्तीतलं सगळ्यात अवघड काम. त्यासाठी वेळ द्या. करार लेखी आणि नोंदणीकृत करा. त्यात निदान एवढं तरी असावं: माळवदाचा खर्च सगळ्यांनी कोणत्या प्रमाणात करायचा, किल्ली कुणाकडे राहायची, आणि सर्वांच्या सहीशिवाय एकही दरवाजा, खांब किंवा छताची कडी विकायची नाही.

आणखी एक बघून घ्या. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत तुमचं घर येत असेल तर नवं बांधकाम करता येत नाही, आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यातही परवानगी घ्यावी लागते. लेणी, किल्ले, जुनी मंदिरं यांच्या आसपासच्या गावांना हे लागू पडतं.

वाडा किती जुना, हे कसं ठरवायचं

'तीनशे वर्षांचा वाडा आहे आमचा' हे वाक्य जवळपास प्रत्येक वाड्यात ऐकू येतं. सरळ पुरावा शोधा. दारावरची गणेशपट्टी, तुळईचा दर्शनी भाग, आडाचा कठडा, तुळशीवृंदावन, देवघराची चौकट, अशा जागी आकडा कोरलेला असू शकतो. तो इसवी सनाचा असेलच असं नाही. शक असेल तर ७८ मिळवा. निजामाच्या राजवटीत सरकारी कागदांवर फसली सन चाले, त्यात ५९० मिळवा. म्हणजे शक १७९५ आणि फसली १२८३ दोन्ही आपल्याला १८७३ वर आणून सोडतात. हिजरी सनाला अशी सरळ बेरीज चालत नाही, कारण ते वर्ष चांद्र असून सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. १२९० हिजरी मार्च १८७३ मध्ये सुरू झालं, एवढा एक खुंटा धरून पुढे-मागे मोजता येतं. शकाबरोबर संवत्सराचं नाव कोरलेलं असेल तर ताळा करून बघा: शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागा, उरलेली बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. १७९५ ला बाकी ७ येते, सातवं संवत्सर श्रीमुख. नाव आणि आकडा जुळत नसेल तर आकडा चुकीचा वाचला गेला आहे किंवा मागाहून कोरला आहे.

कागद असतील ते मोडीत, फारसीत किंवा उर्दूत असतील. हैदराबाद संस्थानच्या कारभारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. तेव्हा फारसी कागद बहुधा त्याआधीचा. 'हाली सिक्का' असा उल्लेख म्हणजे संस्थानचा स्वतःचा रुपया. मोडी वाचणारे आता जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतात. मूळ कागद कुणाच्या हाती देऊन पाठवू नका, फोटो पाठवा.

साहित्यही बोलतं. लोखंडी गर्डर दिसला तर तो भाग बहुधा रेल्वे आल्यानंतरचा. गोदावरी खोऱ्यातून मनमाडला जोडणारा निजामाचा रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्याआधी जड लोखंड बैलगाडीने खेड्यात आणून कोण बसवणार? मंगलोरी कौलं, रंगीत काचा, बिडाचे कठडे हेही सहसा नंतरचे थर. ते काढून टाकायचे नाहीत. वाड्याच्या वयात तेही धरलेले आहेत.

हात लावण्याआधी नोंद

वाड्याचा नकाशा स्वतः काढा, टेपने मोजून, चौकडीच्या वहीत. इंजिनिअर येईल तेव्हा येईल. खांबांना चौकाच्या ईशान्य कोपऱ्यापासून नंबर द्या, तुळयांना, दारांना द्या. खडूने लिहा, खिळ्याने कोरू नका. प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो, प्रत्येक खणाच्या छताचा खालून फोटो. पुढे तुळई उतरवावी लागली तर तीच तुळई त्याच जागी त्याच तोंडाने परत बसवायला हीच वही कामी येते. सुताराच्या आठवणीवर हे सोडता येत नाही.

भेगा जिवंत आहेत की जुन्या, हे पाहायचं साधं तंत्र आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चुन्यात बसवा आणि बाजूला तारीख लिहा. उन्हाळ्यात लावलेली पट्टी दिवाळीपर्यंत तडकली, तर भिंत हलते आहे. काळ्या मातीवर बांधलेल्या भागांत असं होतंच, कारण काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जुन्या लोकांनी गाव पांढरीवर वसवलं आणि काळी पेरणीला ठेवली ती उगाच नाही. मागाहून वाढवलेला गोठा किंवा न्हाणीघर काळीवर गेलेलं असतं, आणि तडा नेमका त्या जोडावर पडलेला दिसतो.

पाणी: इथेच अर्धा वाडा वाचतो

माळवद कसं बांधलंय ते आधी समजून घ्या. तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, खांब, खांबावर हस्त (तुळईला आधार देणारं आडवं लाकूड), हस्तावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचा, म्हणजे लाकडाच्या बारीक काटक्या. त्यावर पाला किंवा तुराट्यांचा थर, मग माती, आणि सगळ्यात वर पांढरी माती. श्रीमंत घरात फळ्या सागाच्या आणि नीट सांध्याच्या, साध्या घरात वेड्यावाकड्या बाभळीच्या. तत्त्व एकच. पांढरी माती ओली झाली की दाटते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. वाळल्यावर काळीसारखी भेगाळतही नाही. साधा पाऊस ती सहज पेलते. तिची परीक्षा झड लागल्यावर होते, तीन-चार दिवस उघडीप न मिळता रिमझिम चालू राहते तेव्हा.

पहिलं काम, खर्च जवळजवळ नाही: मृगाच्या आधी माळवदावर चढा आणि गवत मुळासकट काढा. फक्त कापलं तर मूळ कुजून त्याच वाटेनं पाणी उतरतं. उंदरांची बिळं ठोकून बुजवा. पन्हाळ्यांची तोंडं मोकळी करा, आणि पन्हाळी भिंतीपासून निदान दीड-दोन हात बाहेर पाणी टाकते ना ते बघा. तुटकी पन्हाळी भिंतीवरच धार सोडते. पिंपळ, वड, उंबर यांचं रोप भिंतीच्या फटीत दिसलं तर ते बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा. मनगटाएवढं झाल्यावर ओढलं तर दगड घेऊन येतं. अशा वेळी बुंधा कापून त्यात तणनाशक भरतात, मूळ मरू देतात, आणि मग सांधा भरतात.

माळवद नवं करायची वेळ आली असेल तर काम दिवाळीनंतर सुरू करा आणि फाल्गुनाच्या आत छत बंद करा. मेपर्यंत मुदत आहे असं समजू नका. अवकाळीचा काही नेम राहिलेला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडाभर झालेली गारपीट आठवत असेल. एका वेळी एकच खण उघडा. माती उतरवताना घमेली छताच्या मधे ढीग करून ठेवू नका, खांबाच्या डोक्यावर ठेवा किंवा सरळ खाली सोडा.

उतरवलेली माती फेकू नका. चाळून, ढेकळं फोडून तीच परत वापरता येते. नवी पांढरी आणायला गढी किंवा गावाशेजारचं टेकाड खणणं सोपं वाटतं, पण तो मोह टाळा. पांढरीच्या या टेकाडांत जुनी वस्ती दडलेली असते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या टेकाडांतून सातवाहनकाळातल्या वस्तू निघाल्या आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या संग्रहातून तिथलं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. आपल्या छतासाठी दुसऱ्याचा इतिहास घमेल्यानं वाहून आणू नये.

नव्या थराचा उतार दहा फुटांना अडीच-तीन इंच पुरे. जास्त दिला तर पाणी मातीच घेऊन जातं. मातीत अंबाडीचा बारीक कापलेला वाख किंवा गव्हाचा भुसा मिसळून ती आठवडाभर भिजत ठेवा, रोज तुडवा. थर चार-चार बोटांचे, प्रत्येक थर ठोकून. जाड प्लास्टिकचा कागद घालायचा असेल तर मातीच्या दोन थरांच्या मधे घाला. लाकडावर थेट टाकला तर स्वयंपाकघराची वाफ खाली अडकून फळ्या कुजतात. साणं, म्हणजे उजेडासाठी छताला ठेवलेलं भोक, बुजवू नका. त्याच्याभोवती वीतभर उंच काठ बांधा आणि वर काच किंवा झाकण ठेवा.

पैसे कमी असतील, घर बंदच राहणार असेल, तर माळवदावर दीड-दोन हात उंचीवर पत्र्याचं छप्पर करा. वारसा जपणाऱ्यांपैकी काहींना हे विद्रूप वाटेल. मला ते सगळ्यात शहाणपणाचं तात्पुरतं काम वाटतं, कारण ते कधीही काढता येतं आणि खालचं काही मोडत नाही. फक्त पाइपांचे पाय माळवदात रोवायचे नाहीत. आधार भिंतीवर किंवा बाहेर जमिनीवर घ्या, आणि वळवाच्या वाऱ्यासाठी पत्रे चांगले जखडा.

आता खालचं पाणी. गावोगाव सिमेंटचे रस्ते झाले, आणि प्रत्येक वेळी जुन्यावरच नवा थर पडल्यानं रस्ता जोत्याच्या वर चढला. देवडीत पाणी शिरू लागलं ते त्यामुळं. ग्रामपंचायतीला अर्ज द्या आणि वाड्याच्या बाजूनं गटार मागा. तोवर भिंतीलगत दोन हात रुंदीची मुरमाची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा. भिंतीला चिकटून सिमेंटचा कोबा घालू नका. कोब्याखालची ओल वर वाट शोधते आणि दगडी भिंतीला लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून ती झिजते. न्हाणीचं पाणी, हातपंपाचं वाहून जाणारं पाणी, शेजाऱ्याच्या कूलरची धार, सगळ्यांचा माग काढा.

वजन, आणि किल्लारीनं शिकवलेलं

१९९३ साली अनंत चतुर्दशीची विसर्जनाची रात्र उलटून, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारला थोडा वेळ असताना लातूर-धाराशिवच्या सीमेवर किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती अंगावर पडून. त्यानंतर कित्येकांनी धडधाकट घरांची माळवदं उतरवून पत्रे टाकले. भीती खोटी नव्हती. पण पडलेल्या गावांतही अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला होता आणि भोवतीच्या भिंती ढासळल्या होत्या, हेही तितकंच खरं. खणाच्या घरात छताचा भार खांबांवर असतो. दोष होता तो भिंतीच्या बांधणीत आणि छतावर वर्षानुवर्षं चढत गेलेल्या मातीत.

हिशेब करून बघा. फूटभर जाडीच्या मातीचं वजन दहा बाय दहा फुटांच्या खणावर साडेचार टनांच्या आसपास भरतं, तेही कोरडं. दरवर्षी गळती दिसली की वर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, या सवयीमुळं काही माळवदं दोन फुटांवर गेली आहेत. दुरुस्तीत हा थर आठ इंचांच्या आसपास आणा. गारवा तेवढ्यानंही राहतो. पाण्याची टाकी माळवदावर कधीही नको. हजार लिटर म्हणजे एक टन, आणि ती गळणार हे धरून चाला.

भिंत बाहेरून दोन-अडीच हात जाड दिसते, पण बहुधा ती दोन पातळ भिंतींची असते. आतून एक पदर, बाहेरून एक, मधे दगडगोटे आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड, गवंडी ज्यांना हेडर म्हणतात, ते पुरेसे नसतील तर पाणी मुरल्यावर पदर सुटतात. भिंतीला पोट आलंय का ते ओळंबा लावून पाहा. पोट आलेला भाग दाबून मागे जात नाही. छताला टेकू देऊन तेवढा भाग उतरवावा लागतो आणि आरपार दगड घालून पुन्हा रचावा लागतो. भिंत सरळ असेल तर किल्लारीनंतर वापरलेली पद्धत उपयोगी पडते. साधारण दर तीन-चार फुटांवर, आडवं आणि उभं, हातानं सावकाश दगड सैल करून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. वरून घण घालून भोक पाडलं तर आतला भराव हलतो. सिमेंटचा वापर मी सुचवतो तो एवढ्याच जागी.

खांब आणि तुळईच्या कोनात तिरपं लाकूड किंवा लोखंडी पट्टी बोल्टनं बसवली की सांगाडा डोलायचा कमी होतो. सोप्यातल्या नक्षीच्या खांबांवर ते डोळ्यांना खुपेल. मग माजघरात, मागच्या खोल्यांत, जिथं दिसत नाही तिथं करा. या सगळ्या भागासाठी इंजिनिअर हवाच, आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला हवा. आल्या-आल्या 'पाडून कॉलम घ्या' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

चुना

मातीत किंवा चुन्यात रचलेल्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केला की ती श्वास घेईनाशी होते. आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि दोन-तीन वर्षांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो, सोबत दगडाचा किंवा विटेचा वरचा भागही नेतो. सिमेंट लागलंच असेल तर ते छिन्नीनं, हलक्या हातानं काढा. भिंत एक उन्हाळाभर तशीच उघडी वाळू द्या.

कळीचा चुना पाण्यात विझवताना तो उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा, अंगभर कपडे, मुलं लांब. नेहमी पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. विझवलेला चुना पाण्याखाली निदान महिनाभर मुरू द्या. जास्त मुरला तर चांगलाच. गिलाव्यासाठी एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे भाजक्या विटांची भुकटी, आणि दोन भाग धुतलेली वाळू. जुन्या काळी हे बैलाच्या घाणीत मळत. वाड्याच्या परसात घाणीची गोल दगडी चर किंवा चाक पडलेलं असेल तर ते जागेवर जपा. आज मिक्सरवर मळता येतं, पण फिरवायचा वेळ भरपूर द्यावा लागतो.

गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, उडदाचं पीठ यांच्याबद्दल गावात प्रत्येकाकडे एक कृती असते. गुळाच्या पाण्यानं चुना सावकाश आवळतो आणि हाताला मऊ लागतो, हे खरं. पण प्रमाण बिघडलं तर मुंग्या आणि बुरशी ठरलेली. आधी हातभर जागेवर नमुना करून महिनाभर बघा. वाख मात्र जरूर घाला, तडे कमी पडतात. वेरूळच्या लेण्यांच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. आपल्याला अंबाडी किंवा ताग पुरे.

दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरताना जुना माल सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, पाणी मारा, मग भरा. गिलाव्याचा थर अर्ध्या इंचाहून जाड नको. आठ-दहा दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा. म्हणूनच हे काम कार्तिक ते माघ या महिन्यांत करावं. एप्रिलच्या उन्हात चुना आवळायच्या आधीच वाळून भुसभुशीत होतो.

लाकूड

खांब मधून ठोकून काही कळत नाही. तळखड्याजवळचं टोक आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, या दोन जागा तपासा. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. बोटाच्या पेरापेक्षा जास्त सहज शिरला तर आत पोकळ आहे. अख्खी तुळई बदलायची घाई नको. कुजलेलं टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा सांध्यानं जोडता येतो आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टनं आवळता येतात. पडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान बाजारात मिळतं. विकत घेताना पावती घ्या, कारण चोरीच्या मालाचीही उलाढाल चालते.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या की फक्त झाडून भागत नाही. ती जमिनीतून येते, म्हणून भिंतीच्या बुडाशी जमिनीत औषध भरणाऱ्या माणसाला बोलवा. उघड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं गरम पाणी दोन-तीनदा पाजा, पूर्ण वाळू द्या, मग जवसाचं तेल लावा. तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. जुना ऑइलपेंट काढताना ज्योतीचा पंप नक्षीवर फिरवू नका, ग्राइंडर तर अजिबात नको. आणि वायरिंग: उघड्या पाइपातून, नवी, गळती झाली की वीज तोडणाऱ्या ब्रेकरसकट. सुकलेल्या सागाच्या घरात जुनी वायर पावसापेक्षा धोक्याची.

वस्तू, पोथ्या आणि भिंतीतलं धन

काम चालू असताना भिंतीत किंवा जमिनीत नाणी, दागिने सापडले तर ते तुमचे झाले असं नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मजुरांना हे पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे कुजबुज आणि भांडणं दोन्ही टळतात. बळद उघडताना झाकण काढून दिवसभर वारा लागू द्या. बंद बळदात किंवा जमिनीतल्या पेवात एकदम उतरलेल्या माणसाचा जीव गुदमरू शकतो.

शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, कोरीव लाकूड आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि मूर्ती, चित्रित पोथ्या अशांची नोंदणी करावी लागते. पोथ्यांना प्लास्टिकची पिशवी नको. धुतलेल्या सुती कापडात बांधा, भिंतीपासून दूर लाकडी कपाटात ठेवा, फाटक्या पानांना सेलोटेप लावू नका.

घर वापरात ठेवणं, आणि वर्षाचं वेळापत्रक

रिकाम्या वाड्यात गळती कुणाच्या डोक्यावर पडत नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही. निदान दोन खण वापरात ठेवा. वाचनालय, बचत गटाची खोली, शिक्षकाला भाड्यानं, काहीही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, शेत जोडून असेल तर पाहुण्यांची सोयही करता येते. पण आधी शौचालय वाड्याच्या बाहेर, स्वतंत्र बांधा. जुन्या भिंतीत पाइप खुपसू नका. पाहुण्यांना माळवदावर गर्दी करू देऊ नका. लग्नाचा मांडव, डीजेचे बॉक्स चौकात लावायला कुणी मागितले तर नाही म्हणायची जबाबदारी किल्लीवाल्याची, आणि तो अधिकार करारात लिहिलेला असावा.

वर्षभराची कामं फार नाहीत. मृगाआधी माळवद, पन्हाळी, गटार. झडीच्या दिवसांत कंदील किंवा टॉर्च घेऊन प्रत्येक खणाखाली फिरून ओल कुठं उतरली ते वहीत लिहायचं, कारण उघडीप झाली की डाग वाळतो आणि जागा सापडत नाही. दिवाळीनंतर काचेच्या पट्ट्या तपासायच्या, दरजा भरायच्या. संक्रांतीनंतर लाकूड आणि वाळवी. हे सगळं गावातल्या एका माणसाकडे सोपवा, त्याचे वर्षाचे पैसे वाटेकऱ्यांनी मिळून ठरवा, आणि ते मृगाच्या आधी त्याच्या हातात पडतील असं बघा.